सरोजिनी अम्मांचं पाणी

९ एप्रिल १९५८, बुधवार. तांबरम

सुखरूप पोचलो. दौंडला गाडीत बसल्यापासून मद्रासपर्यंत खिडकीची जागा सोडली नाही, त्यामुळे एक कान कोळशाच्या धुरानं काळा झालाय. सेंट्रल स्टेशनासमोरच पार्क नावाचं लहान स्टेशन आहे. तिथून विजेच्या गाडीनं तासाभरात तांबरम. वाटेत ताडाची झाडं, तळी, तळ्यांत गळ्यापर्यंत बुडालेल्या म्हशी. गाव छोटं आहे. एक बाजार, एक टेकडी, दोन शाळा, आणि आमचं ख्रिस्ती देऊळ. त्याचा मनोरा स्टेशनातूनच दिसतो.

न्यायला राघोत्तमराव आले होते. ते देवसहायम वकिलांचे मुख्य कारकून, तंजावरच्या मराठी घराण्यातले. कपाळावर गंध, पायांत कातडी वहाणा. पूर्वज इकडे येऊन पावणेतीनशे वर्षं झाली म्हणाले. प्रवास सुखाचा जाहला की नाही, असं त्यांनी विचारलं. जुन्या दप्तरातला एखादा कागद बोलू लागावा तसं वाटलं. मला हसू फुटलं आणि मग हसल्याची लाज वाटली. त्यांनी मात्र मनावर घेतलं नाही.

वकीलसाहेब साठीचे, उंच, आवाज मऊ. इथल्या ख्रिस्ती मंडळीतले मानाचे वडील आहेत. बाबांशी त्यांची ओळख एका अधिवेशनातली. मी वकिलीच्या परीक्षेत एकदा नापास झालेला; नगरला मला कुणी हाताखाली घेईना. यांनी एका पत्रावर बोलावून घेतलं. आल्याआल्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आमच्या पाळकबाबांखेरीज असा हात माझ्या डोक्यावर कुणी ठेवला नव्हता. माणसानं कामाला यावं तर अशा ठिकाणी.

कचेरीच्या मागची खोली मला दिली आहे. दारात विहीर आणि कडुलिंब. खोलीत मातीचा माठ, त्यावर पितळी पेला.

१३ एप्रिल, रविवार

उपासना तमिळमध्ये. शब्द कळले नाहीत, चाली ओळखीच्या होत्या. मी मराठीतून म्हणत राहिलो. शेजारचा माणूस वळून हसला.

देवळाच्या कुंपणाला लागून एक बंगली आहे, लाल कौलांची. सरोजिनी अम्मांची. अम्मा चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. लग्न केलं नाही. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून खाटेवर आहेत. दिवसाकाठी एखाददुसरा शब्द बोलतात. त्यांचं सगळं कनका नावाची बाई करते. कनका राघोत्तमरावांच्याच जातकुळीची, तंजावरकडची मराठी. आईबाप गेल्यावर बारा वर्षांची असताना अम्मांनी तिला घरी आणलं. आज ती तिशी ओलांडलेली आहे. अम्मांनी तिला शिकवलं, पण धर्म बदलायला कधी सांगितलं नाही. अम्मा दर रविवारी देवळात जायच्या आणि घरी कनकाची समई तेवत असायची, असं राघोत्तमराव म्हणाले.

वकीलसाहेबांना हे खुपतं. त्या बंगलीत मुलींचं वसतिगृह व्हावं अशी त्यांची फार इच्छा आहे. प्रभूच्या माणसाचं घर प्रभूच्या कामी यावं, असं ते जेवताना म्हणाले. मला पटलं.

२४ एप्रिल, गुरुवार

आज पहिलं महत्त्वाचं काम. अम्मांनी मृत्युपत्र करायचं ठरवलंय असं सांगून वकीलसाहेब मला दुपारी बंगलीवर घेऊन गेले. बंगली देवळाला द्यायची, असा मजकूर. तो मीच सकाळी टाइप केला होता. कनका घरी नव्हती. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषधासाठी तिला मद्रासला पाठवलं होतं.

अम्मा आतल्या खोलीत होत्या. दाराला जाड निळा पडदा. वकीलसाहेबांनी मला बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं आणि कागद व शाईची गादी घेऊन ते आत गेले. पाचसात मिनिटांनी बाहेर आले. कागदावर अंगठा उमटलेला होता. मी साक्षीदार म्हणून खाली सही केली. दुसरी सही सुब्बानं केली. तो वकीलसाहेबांची घोडागाडी, इकडचा जटका, हाकतो. त्याला फाटकातून हाक मारून बोलावलं.

कायद्यानं साक्षीदारानं अंगठा उठताना पाहायला हवा. तसं मी हळूच म्हणालोही. वकीलसाहेब म्हणाले, तू घरात होतास, पाहिल्यासारखंच आहे. मी पेनाला टोपण लावलं.

आत अगदी शांत होतं. काही ऐकू आलं नाही.

निघताना वकीलसाहेबांनी बाहेरून कडी घातली. त्यांच्या घरच्या बाई थोड्या वेळात येऊन बसणार होत्या.

२६ एप्रिल, शनिवार

अम्मा परवाच संध्याकाळी गेल्या. कनका सहाला परतली तेव्हा देह गार होत आला होता. काल माती दिली. कनका देवळाच्या पायरीवर उभी होती, आत आली नाही. मला तिच्याकडे पाहवेना. मी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

बाबांना पत्र लिहिलं. मृत्युपत्राचं त्यात लिहिलं नाही.

११ ऑगस्ट, सोमवार. रात्री आठ

चिंगलपुटच्या जिल्हा कोर्टात आज माझी साक्ष झाली.

कनकाकडे अम्मांनी सात वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहिलेलं मृत्युपत्र आहे. घर कनकाला, असं त्यात स्पष्ट आहे. आमचं खरं ठरलं तर ते रद्द होतं. आणि आमचं खरं ठरणं माझ्यावर होतं, कारण सुब्बाला दोन प्रश्नांतच घाम फुटला.

पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली. अंगठा पाहिला का? पाहिला. अम्मा शुद्धीवर होत्या का? होत्या. मग कनकाचे वकील सत्यनारायण उठले. तरुण माणूस, सावकाश बोलणारा. त्यांनी विचारलं, शुद्धीवर होत्या तर तुमच्यासमोर काही बोलल्या असतील. काय बोलल्या?

याचं उत्तर आम्ही ठरवलं नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, त्यांनी पाणी मागितलं. ‘तण्णी’ म्हणाल्या. मी माठातून पेला भरून त्यांना पाजला.

न्यायाधीशांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि ते लिहून घेतलं. त्या एका वाक्यानं त्यांचा विश्वास बसला हे मला दिसलं. सत्यनारायण खाली बसले. मागच्या बाकावर कनका पदर तोंडाला लावून रडत होती. हरल्यामुळे रडते आहे असं मी समजलो.

परतताना जटक्यात वकीलसाहेबांनी माझा खांदा दाबला. हे वाक्य मला कुठून सुचलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असंच सुचलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

कनका आली होती. भरदुपारी, एकटी. मी विहिरीवर होतो. मला वाटलं शिव्या देईल. तिनं दोन्ही हात जोडले. तिचं मराठी राघोत्तमरावांसारखंच, जुनं.

ती म्हणाली, "घर जाईल ते जाऊ दे. त्या दिवशी मी नव्हते. त्या तहानेल्या गेल्या असतील, हे चार महिने माझ्या मनी होते. तुम्ही त्यांस पाणी दिल्हेत. मला तेवढे पुरे."

आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरकलो नाही. सरकलो असतो तर का सरकलो ते सांगावं लागलं असतं. ती कुंपणापलीकडे जाईपर्यंत मी तसाच उभा राहिलो. पोहऱ्यातलं पाणी पायांवर सांडत होतं.

आज सकाळपर्यंत मी स्वतःला भित्रा समजत होतो. त्यापेक्षा वाईट काही आहे, आणि त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रभुभोजनाचा द्राक्षारस घ्यायला पुढे गेलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं. वकीलसाहेब गेले. पेला ओठांना लावून त्यांनी तसाच पुढे दिला. प्यायले नाहीत. माझ्या बाकावरून ते स्वच्छ दिसलं.

२० ऑगस्ट, बुधवार

आज दुपारी जरा विचित्र झालं. कचेरीत मी एकटा टाइप करत होतो. दप्तराच्या खोलीतून कुणीतरी ‘तण्णी’ म्हणालं. अगदी हळू. बाईचा आवाज, अर्ध्या तोंडातून यावा तसा.

उठून पाहिलं. कपाटं, दोरीनं बांधलेले गठ्ठे. कुणी नाही. शेजारची मोलकरीण असेल म्हणून परत येऊन बसलो. यंत्रावरच्या कागदाकडे पाहिलं तर शेवटची ओळ अर्धीच राहिली होती, आणि पुढे काय टाइप करायचं होतं ते आठवेना.

२३ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा. आज तीनदा. सकाळी अंघोळीच्या वेळी, मग बाजारात, मग खोलीत. बाजारात तर एवढ्या गर्दीत, माझ्या कोपराजवळून. राघोत्तमराव सोबत होते. त्यांना काही ऐकू आलं नाही. माझा चेहरा पाहून त्यांनी उन्हाचा त्रास होतोय का विचारलं.

माठ सकाळी भरतो. दुपारपर्यंत रिकामा. खालची जमीन कोरडी आहे. माठ फुटका नाही, मी तपासलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दिसल्या.

दुपारी बारा. लख्ख ऊन. विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. पांढरी साडी, डावं अंग खाली कललेलं. मी त्यांना जिवंतपणी पाहिलेलं नाही, पण दुसरं कोण असणार. ओठ फुटलेले. माझ्याकडे पाहून तोंड उघडलं.

मी पेला भरून नेला. ओठांना लावला. पाणी आत गेलं नाही. ओठांच्या कोपऱ्यातून सगळं बाहेर आलं, हनुवटीवरून, साडीवरून. आणि साडी ओली झाली नाही. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. मी पुन्हा भरला. किती वेळा कोण जाणे. पेला हातातून पडला तेव्हा सुब्बाचा जटका फाटकात येत होता. त्यानं मला विहिरीच्या दगडावर पाणी ओतताना पाहिलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

वकीलसाहेबांच्या खासगी खोलीत मी आज पहिल्यांदा गेलो. सगळं सांगायला. कडी न वाजवता दार ढकललं.

टेबलावर पेले. खिडकीत पेले. पुस्तकांच्या फळीवर, खुर्चीखाली, बिछान्याच्या उशाशी. सगळे काठोकाठ भरलेले. काहींत चिलटं मरून तरंगत होती.

ते खुर्चीत बसले होते. चकित झाले नाहीत. मला बसायला सांगितलं. अगदी मऊ आवाजात म्हणाले की चार महिने झाले, एप्रिलपासून. आधी फार त्रास होतो. मग सवय होते. पेले भरून ठेवायचे आणि तिकडे पाहायचं नाही. वसतिगृह झालं, मुलींची गाणी सुरू झाली, की थांबेल असं त्यांना वाटतं.

मी त्यांच्या घरच्या बाईंबद्दल विचारलं. त्या दिवशी अम्मांजवळ बसायला आल्या होत्या का? ते म्हणाले, त्यांना सांगायचं राहून गेलं.

मी उठून थेट कडुलिंबापर्यंत पळालो. त्यांची भीती वाटली म्हणून नव्हे. सवय होते हे ऐकताना मला क्षणभर बरं वाटलं होतं, म्हणून.

त्याच दिवशी, संध्याकाळ

आता खरं लिहितो. या वहीतही मी खोटं लिहिलं आहे. चोवीस एप्रिलला, जिथे ‘काही ऐकू आलं नाही’ असं आहे, तिथे.

ऐकू आलं होतं. कोर्टात मला काही सुचलं नव्हतं, आठवलं होतं. वकीलसाहेब आत असताना अम्मा म्हणत होत्या. तण्णी. अंगठा घेतल्यावरही म्हणत होत्या. मी सही करत होतो तेव्हाही. माझ्या हाताशी, तिपाईवर, माठ होता. त्यावर पेला होता. पडदा चार पावलांवर. उठलो असतो तर मी आत पाहिलं असतं. आत पाहिलं असतं तर सही करता आली नसती. म्हणून उठलो नाही. कडी घातल्यावरही बाहेर ऐकू येत होतं.

इतकंच. एवढंच करायचं होतं.

३१ ऑगस्ट, रविवार

राघोत्तमरावांना सांगितलं. ते उठले. मग वहाणा घातल्या आणि मला सत्यनारायण वकिलांकडे घेऊन गेले. म्हातारा माणूस, तीस वर्षांची नोकरी जाईल. मी तसं म्हटलं. इकडे धाकट्यालाही अप्पा म्हणतात, तसं ते म्हणाले, "जाऊ दे, अप्पा. चला."

प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. सही करताना आवाज बसल्यासारखा झाला.

अम्मा सगळा वेळ दारात.

१ सप्टेंबर, सोमवार

कनकाकडे गेलो. त्याच खोलीत बसवलं तिनं. पडदा आता नाही.

सांगितलं. आवाज जेमतेम निघत होता. ती ऐकत राहिली. समईची वात पुढे सारली. मग एवढंच विचारलं, किती वेळ मागत होत्या.

मी म्हटलं, आम्ही फाटकापर्यंत जाईतो.

ती उठली. मला वाटलं हाकलून देईल. आतून पेला भरून आणला, माझ्यापुढे ठेवला आणि पाठ फिरवून उभी राहिली. मी उचलला. थेंब उतरेना. सगळं शर्टावर आलं. तिनं वळून पाहिलं नाही. खांदे हलत होते.

२ सप्टेंबर, मंगळवार

आवाज नाही. मुळीच. ओठ हलतात, बाहेर काही येत नाही.

पाणी उतरत नाही. काल दुपारपासून नाही.

प्रतिज्ञापत्र कोर्टात दाखल झालं. पण साक्षीदारानं उद्या स्वतः उभं राहून ते आपलं म्हणायला हवं. सत्यनारायण म्हणतात, बोलता येत नसेल तर तिथे लिहून द्या, चालेल. फक्त या.

वकीलसाहेबांनी चिठ्ठी पाठवली. रागाचा एक शब्द नाही. माझ्यासाठी प्रार्थना करताहेत. खाली लिहिलंय, सवय होते.

बाबांना पत्र लिहायला घेतलं. ‘प्रिय बाबा’ यापुढे—

३ सप्टेंबर, बुधवार. चिंगलपुट, कोर्टाचा व्हरांडा

पेन्सिलीनं. हात नीट चालत नाही.

सव्वाअकरा. ऊन आहे. राघोत्तमराव आत कनकाजवळ. मी बाकावर. दाराची एक फळी उघडी आहे, तिच्यातून साक्षीदाराचा पिंजरा दिसतो.

अम्मा शेजारी आहेत. आज काही मागत नाहीत. दाराकडे पाहताहेत.

मी सांगेन. लिहून देईन. सांगेनच—

पुकारा झाला. माझं नाव. शांतवन यशवंत आढाव.

उठता येत नाही. पाय—

अम्मांनी मनगट धरलं आहे. कोरडा हात. 

कुणीतरी आत गेलं. पिंजऱ्याची पायरी वाजली. माझा कोट. माझी मान. शास्त्रावर हात ठेवतोय—

माझा आवाज. खणखणीत. ऑगस्टातल्या साक्षीतला. शपथ पूर्ण झाली.

राघोत्तमराव त्याच्याकडे पाहताहेत. कनका त्याच्याकडे. इकडे कुणी बघत नाही. मी इथे आहे. इथे, बाहेर—

ओरडतो आहे. नुसतं तोंड उघडतं.

सत्यनारायण विचारताहेत. प्रतिज्ञापत्र तुमचंच का? तो थांबला. न्यायाधीश विचारताहेत. त्या दिवशी बाई काय म्हणाल्या?

तण्णी, म्हणाला.

मग तुम्ही काय केलंत?

कनका उभी राहिली आहे. तो तिच्याकडे पाहतोय. सांगतोय— त्या मागत होत्या, आणि मी त्यांना पाणी